जुनं जीमेल खातं कायमचं बंद करायचंय: आधी काय सोडवायचं, शेवटी काय?

नंदगडकर

मंडळी, नमस्कार.

माझी दोन जीमेल खाती आहेत. एक आताचं, रोजच्या वापरातलं. दुसरं कोल्हापुरात नोकरीला होतो तेव्हाचं, तिथल्या सिमवर काढलेलं. आता गावी परत आलोय, बँकेपासून गॅसपर्यंत सगळं बेळगावच्या नंबरावर आणलंय (निदान तसं वाटतंय), आणि ते कोल्हापूरचं सिम नुसतं रिचार्ज खातंय. तेव्हा सिम आणि जुनं खातं दोन्ही निकालात काढायचा विचार आहे.

अडचण अशी की ते खातं घरभर पसरलंय. टीव्हीवर यूट्यूब त्याच खात्यानं चालतं. जुना टॅब नातवाकडं, त्यात तेच. कपाटात एक फोन पडलाय, तो विकायचाय, त्यातही तेच. लॅपटॉपच्या क्रोममध्ये तेच. शिवाय पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर त्यातूनच प्रिंट काढतो.

खातं हटवायचं बटण मला सापडलंय. ते दाबायच्या आधी काय काय करायचं, हे विचारतोय. नातवाचे लहानपणचे फोटो त्यातच आहेत, त्यामुळे घाई अजिबात नाही.

टिळकवाडीवाला

एवढा कशाला व्याप? सगळीकडनं ॲप उडवा, विषय संपला.

येळ्ळूरची_सून

संपत नाही ना. ॲप उडवलं म्हणजे तुमच्या फोनवरचं दार काढलं, गुगलकडचं घर आहे तिथंच आहे. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची भेसळ करतात.

एक, साइन आउट करणं. दुसरं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या फोनवरून खातं काढणं. या दोन्हींत खातं जिवंत राहतं, फक्त त्या डिव्हाइसचा संबंध तुटतो. तिसरं, खातंच हटवणं. त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो, यूट्यूबवरचं तुमचं जे काही असेल ते, प्ले स्टोअरवर विकत घेतलेलं, सगळं जातं. आणि तो पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही, तुम्हालासुद्धा नाही. हटवल्यावर थोड्या काळात परत मिळवायचा प्रयत्न करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चौथी वाटही आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते: खातं ठेवून त्यातलं फक्त जीमेल हटवता येतं. त्यासाठी साइन-इनला दुसरा एखादा ईमेल द्यावा लागतो. फोटो तिथंच ठेवायचे असतील तर याचा विचार करा.

मलप्रभाकाठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी मूळचा खानापूरचा, सध्या बेंगळूरला, कामच हे. बटण सगळ्यात शेवटी दाबायचं, हे धागाकर्त्यांनी आधीच ओळखलंय, म्हणून निम्मं काम झालंय. उरलेलं क्रमानं सांगतो, कारण इथं क्रमच महत्त्वाचा आहे.

सिम आधी बंद करू नका. त्या नंबरावर ओटीपी येतोय तोवरच तुम्ही त्या खात्याचे मालक. नंबर आधी गेला आणि मधेच गुगलनं 'तुम्हीच आहात का' विचारलं, तर तुमचं स्वतःचं खातं तुम्हाला बंदसुद्धा करता येणार नाही. आजच त्या खात्यात बेळगावचा नंबर आणि नवा ईमेल रिकव्हरीला घाला.

मग टेकआउट. गुगलची ही सोय फोटो, मेल, कॉन्टॅक्ट, ड्राइव्ह सगळं झिप फाइल करून देते. तयार व्हायला कधी तास, कधी दिवस लागतात, आणि लिंक आली की साधारण आठवडाभरच चालते. उतरवून घेतल्यावर फाइल उघडून बघा. नुसती हार्ड डिस्कवर टाकून 'झालं' म्हणू नका, दोन-चार वर्षांचे फोटो उलगडून खात्री करा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि खरं तेच आहे: या पत्त्यावर काय काय टांगलेलं आहे ते शोधणं. जीमेलच्या शोधात स्टेटमेंट, पॉलिसी, वेलकम, व्हेरिफाय, इनव्हॉइस असे शब्द टाकत जा. आयुर्विमा, म्युच्युअल फंड, पीएफ, इन्कम टॅक्स, डिजीलॉकर, रेल्वे तिकिटाचं खातं, गॅस. जे सापडेल तिथं जाऊन ईमेल बदला. मग गुगल खात्याच्या सुरक्षा भागात 'गुगलनं साइन इन' केलेल्या ॲपची यादी असते, ती बघा. गुगलचं बटण दाबून ज्यांत शिरलात, त्यांचा वेगळा पासवर्ड कधी बनलेलाच नसतो. खातं गेलं की त्यांचंही दार बंद.

एवढं करूनही काहीतरी राहतंच. म्हणून जुन्या जीमेलला नव्या पत्त्यावर ऑटो-फॉरवर्ड लावा (कॉम्प्युटरवरून सेटिंगमध्ये मिळतं) आणि काही महिने नुसतं बघत बसा. वर्षातून एकदाच येणारे मेल असतात, विम्याच्या हप्त्याचे वगैरे. ते आपसूक उघडे पडतात.

टिळकवाडीवाला

मग बंदच कशाला करायचं? गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती स्वतःच काढून टाकतंय म्हणे.

मलप्रभाकाठ

काढतं. तसा नियम आहे आणि डिसेंबर २०२३ पासून अंमल सुरू झालाय. पण दोन वर्षं पूर्ण निष्क्रिय पाहिजे. इथं नातू टॅबवर त्याच खात्यानं यूट्यूब बघतोय, म्हणजे खातं ठणठणीत वापरात आहे! शिवाय त्या दोन वर्षांत पासवर्ड फुटला तर आत पॅन कार्डाच्या प्रती, बँकेची स्टेटमेंटं, सगळं बसलेलं असतं. आपोआप बंद होईल म्हणून वाट बघण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

नंदगडकर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. एक शंका: फोनमधले कॉन्टॅक्ट कुठं असतात? फोनमध्ये की गुगलमध्ये?

येळ्ळूरची_सून

बहुतेक वेळा गुगलमध्ये. नंबर सेव्ह करताना 'कुठं ठेवू' असं फोन विचारतो, आपण न बघता पुढं जातो. मग फोनवरून खातं काढलं की निम्मी नावं गायब. आमच्या सासूबाईंच्या फोनवर मी आधी कॉन्टॅक्ट ॲपमधून व्हीसीएफ फाइल (सगळी नावं-नंबर एकत्र असलेली) एक्सपोर्ट करून घेतली, नव्या खात्यात इम्पोर्ट केली, नावं मोजून बघितली आणि मग जुनं खातं काढलं. त्यांचं अर्धं माहेर त्या यादीत आहे.

असंच व्हॉट्सॲपच्या बॅकअपचं. अँड्रॉइडवर गप्पांचा बॅकअप गुगल खात्यात जातो. व्हॉट्सॲपमध्ये चॅट बॅकअपला जाऊन खातं बदला आणि नव्या खात्यावर एक बॅकअप पूर्ण होऊ द्या.

क्रोममध्ये साठवलेले पासवर्डसुद्धा. ते एक्सपोर्ट होतात, पण ती फाइल साधी, कुणीही उघडून वाचावी अशी असते. नवीन ठिकाणी चढवली की लगेच पुसा, डाउनलोडमध्ये ठेवू नका. ऑथेंटिकेटर ॲपचे (लॉगिन करताना लागणारे, सतत बदलणारे) कोड वापरत असाल तर तेही आधी दुसऱ्या खात्यावर किंवा फोनवर हलवा.

निपाणीवाला

आता विकायच्या फोनचं मी सांगतो, दुकान आहे माझं. लई गिऱ्हाईक असं येतंय: 'रिसेट मारलाय, चालू करून द्या.' बघतोय तर स्क्रीनवर जुन्या मालकाचं गुगल खातं मागतंय. अँड्रॉइड ५.१ पासनं, म्हणजे २०१५ पासनं ही भानगड हाय. चोरानं बटणं दाबून रिसेट मारला तरी फोन त्याला वापरता येऊ नये म्हणून केलंय. चांगलंच हाय. पण मालकानं स्वतः तसाच रिसेट मारून विकला की घेणारा अडकतोय.

रीत अशी. पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन खातं काढायचं. फोनमध्ये दोन खाती असतील तर दोन्ही. सॅमसंग, शाओमी असल्या कंपन्यांचं स्वतःचं खातं असतंय, तेबी काढायचं. स्क्रीन लॉक काढायचा. मेमरी कार्ड आणि सिम काढायचं, लोक कार्ड विसरत्यात. मग सेटिंगमधनंच फॅक्टरी रिसेट. पासवर्ड नुकताच बदलला असला तर एक दिवस थांबा, गुगलच तसं सांगतंय.

आयफोनला फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद केल्याशिवाय विकायचा नाही. २०१३ पासनं ॲक्टिव्हेशन लॉक हाय त्यात. लॉक असलेला आयफोन म्हणजे भंगाराचा भाव.

आणि नंदगडकर काका, खातं पहिलं हटवलं आणि फोन मागनं रिसेट केला, तर फोन जे खातं मागंल ते जगातच नसणार. मग मी काय करणार? 'बायपास मारून देतो' म्हणणारे मिळतात बाजारात, त्यांच्या नादाला लागू नका. ते फोनमध्ये काय घालत्यात ते आपल्याला कळत नाही. बिल असलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावा.

कुंदाप्रेमी

फोन हातात नसेल तर? माझा एक फोन प्रवासात गेला, त्यात खातं चालू आहे.

मलप्रभाकाठ

तर खातं हटवायची घाई मुळीच करू नका. खातं आहे तोवरच गुगलच्या फाइंड हब मधून (आधीचं फाइंड माय डिव्हाइस) फोन शोधता येतो, लॉक करता येतो, लांबून पुसता येतो. खातं गेलं की तो धागा तुटला. पोलिसात तक्रार द्या, डुप्लिकेट सिम घ्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून फोन ब्लॉक करा. आयएमईआय खोक्यावर किंवा बिलावर असतो.

बाकी डिव्हाइसांचं: गुगल खात्याच्या सुरक्षा भागात 'तुमची डिव्हाइस' आहे. टीव्ही, टॅब, लॅपटॉप, पतसंस्थेचा कॉम्प्युटर, जिथं जिथं खातं उघडं आहे ते सगळं तिथं दिसतं. एकेकाला घरबसल्या साइन आउट करता येतं. मात्र पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड केलेल्या प्रिंटच्या फाइली साइन आउटनं जात नाहीत. त्या तिथं जाऊन, रिसायकल बिनसकट, पुसाव्या लागतील.

चंदगडी_पाव्हणा

सिमबद्दल आमचा अनुभव जास्त, आम्ही दोन्हीकडचे! सीमेवरच्या बाचीच्या पुढं गेलं की फोन राज्य बदलतो, म्हणून घरटी दोन सिमं.

बंद केलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते. किमान ९० दिवस देत नाहीत, ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातही हेच सांगितलं. त्यानंतर तुमच्या नंबरावर येणारे ओटीपी नव्या माणसाच्या खिशात. त्याचा काही दोष नाही, त्यानं दुकानातून सिम घेतलंय. म्हणून सिम सोडायच्या आधी: बँक, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, गाडीचं आरसी, फास्टॅग. आधारला कुठला नंबर जोडलाय ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. आठवणीवर विसंबू नका.

व्हॉट्सॲप त्या नंबरावर असेल तर 'नंबर बदला' हा पर्याय वापरा, गट आणि गप्पा टिकतात. नवीन सिम घालून नवंच खातं उघडलं की जुनं तसंच लोंबकळत राहतं.

यूपीआय. ॲप काढायच्या आधी त्यात जाऊन बँक खातं काढा, यूपीआय आयडी बंद करा, आणि ऑटोपे बघा! ॲप उडवलं तरी ऑटोपेचे पैसे महिन्याच्या महिन्याला कटतच राहतात. वर्षभर न वापरलेले आयडी बंद करायला एनपीसीआयनं (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं) २०२३ मध्ये सांगितलंय, पण वर्षभर थांबायचं कशाला? प्ले स्टोअरच्या वर्गणीचंही तेच. ॲप काढून वर्गणी थांबत नाही.

आणि नंबरावर जीव असेल तर सोडूच नका. २०१५ पासून एका राज्याचा नंबर दुसऱ्या राज्यात पोर्ट होतो. १९०० वर पोर्टचा मेसेज टाकायचा, येणारा कोड घेऊन बेळगावच्या दुकानात जायचं. कोल्हापूरचा नंबर बेळगावात नांदतो, भाषेचा प्रश्न येत नाही. (हलके घ्या.)

अनगोळची_ताई

आधारच्या नंबरावरून आठवलं. आम्ही भाड्याच्या घरात होतो, अनगोळातनं वडगावला गेलो. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारची वीजबिलाची योजना) दोनशे युनिटची सवलत जुन्या घराच्या आरआर नंबराला (वीजजोडणीचा क्रमांक) माझ्या आधारवर जोडलेली. घर बदललं की सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर जाऊन आधी जुना आरआर नंबर डीलिंक करायचा, मग नव्या घराचा जोडायचा. डीलिंकची सोय २०२४ मध्ये आली. पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतोय! तुमचा आधार कोल्हापूरच्या नंबराला असेल आणि तुम्ही सिम आधी सोडलात तर पुन्हा आधार केंद्राची रांग.

स्वतः जमत नसलं तर बेळगाव वन नाहीतर ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रांत करून देतात. तिथं ओटीपी सांगावा लागतो, पण मेसेज आधी आपण वाचायचा आणि मगच आकडा सांगायचा. कशासाठी आलाय ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतंय. आणि फॉर्ममध्ये मोबाईल नंबर आपलाच घातलाय का ते बघून घ्या, घाईत चालवणाऱ्याचा नंबर पडतोय.

टिळकवाडीवाला

ताई, हे लाखमोलाचं. माझा वरचा पहिला प्रतिसाद संपादकांनी उडवला तरी चालेल. ॲपसकट.

भालकीकर

बिदरकडून राम राम. विषय थोडा वेगळा, पण इथंच विचारतो. वडील गेले. त्यांचा फेसबुक आणि जीमेल दोन्ही तसंच आहे. वाढदिवसाला लोक शुभेच्छा देतात, आईला बघवत नाही. पासवर्ड कुणालाच माहीत नाही.

येळ्ळूरची_सून

वाईट वाटलं. फेसबुकला दोन पर्याय आहेत: प्रोफाइल 'स्मृती' स्वरूपात ठेवणं, म्हणजे वाढदिवसाच्या आठवणी लोकांना जात नाहीत, किंवा जवळच्या नातेवाइकानं मृत्यूचा दाखला देऊन खातं काढायची विनंती करणं. पहिला पर्याय आईंना विचारून बघा. फोटो राहतात, शुभेच्छांचा त्रास थांबतो.

गुगलकडंही मृत व्यक्तीचं खातं बंद करण्याचा अर्ज आहे. ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. पासवर्ड ते देत नाहीत, कुणालाच नाही. बँक आणि यूपीआयचं मात्र बँकेत जाऊनच करा. त्यांच्या फोनवरून कुणी 'सोपं पडतं' म्हणून पैसे वळवू नयेत, पुढं वारसाच्या कामात तेच अडचणीचं होतं.

आपल्यासाठी: गुगलमध्ये निष्क्रिय खाते व्यवस्थापक म्हणून सोय आहे. ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही निवडलेल्या दहापर्यंत माणसांना कळवतं, हवं तर डेटा त्यांना देतं, हवं तर नंतर खातं हटवतं. ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यामागे डेटा मिळावा म्हणून नेमलेला माणूस) आहे.

कुंदाप्रेमी

फेसबुकवरून आठवलं. डीॲक्टिव्हेट आणि डिलीट यांत फरक आहे. डीॲक्टिव्हेट म्हणजे पडदा ओढला, मेसेंजर चालूच राहू शकतो. डिलीट केल्यावर ३० दिवसांची मुदत असते. त्या काळात उगाच 'गेलं का बघू' म्हणून लॉगिन करून परत घ्या म्हटलं की सगळं पहिल्यापासून. पूर्ण पुसायला त्यापुढं ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

वकीलसाहेब_निपाणी

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. कलम १२ प्रमाणं आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क, कलम १४ प्रमाणं आपल्यामागे तो हक्क वापरायला माणूस नेमण्याचा हक्क. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. पण दुसऱ्या कायद्यानं जे जपून ठेवायचं ते कंपनी ठेवणारच. बँकेनं खातं बंद झाल्यावरही ग्राहकाची कागदपत्रं किमान पाच वर्षं ठेवायची असतात. तेव्हा 'सगळं पुसलं' या शब्दावर फार जाऊ नका.

मलप्रभाकाठ

लॅपटॉपचं राहिलं होतं. क्रोममधून गुगल खातं काढणं सोपं आहे, प्रोफाइल काढा आणि झालं. पण कुणी मायक्रोसॉफ्टचं खातं बंद करणार असेल तर सावध. विंडोज लॅपटॉप त्या खात्यानं उघडत असेल तर डिस्क बऱ्याचदा एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि तिची रिकव्हरी की त्याच खात्यात ठेवलेली असते. पुढं कधी दुरुस्तीनंतर लॅपटॉपनं ती ४८ अंकी की मागितली आणि खातं गेलेलं असेल, तर आतलं सगळं गेलं. आधी की कागदावर लिहून घ्या, लॅपटॉपवर लोकल (फक्त त्या लॅपटॉपपुरतं) खातं करा, मग बंद करा. मायक्रोसॉफ्ट ३० किंवा ६० दिवसांची मुदत देतं, ६० निवडा.

नंदगडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आजवरची प्रगती: रिकव्हरीला बेळगावचा नंबर घातला. टेकआउटचा अर्ज केला. आधार पडताळलं, तो बेळगावच्याच नंबराला निघाला, पण फास्टॅग आणि एक जुनी विमा पॉलिसी अजून कोल्हापूरच्या नंबरावर आहेत. जुन्या मेलमध्ये 'पॉलिसी' शोधल्यावर मला विसर पडलेली आणखी एक पॉलिसी सापडली, म्हणजे धागा काढल्याचं चीज झालं. फॉरवर्ड लावलाय. उन्हाळ्यापर्यंत बटणाला हात लावणार नाही.

टीव्हीवरून खातं काढलं. नातवाची यूट्यूबवरची आवडती यादी गेली म्हणून घरात सध्या माझ्याशी अबोला आहे.

निपाणीवाले, तो कपाटातला फोन आणि टॅब तुमच्याकडं आणू का? किती येतील?

निपाणीवाला

आणा की काका. टॅबची काच कशी हाय, चार्जिंग किती टिकतंय, बघून सांगतो. चार्जर आणि बिल असलं तर सोबत घ्या, बिलावर भाव जरा चढतोय. फक्त खाती घरीच काढून, नवीन फोनसारखी 'वेलकम' स्क्रीन आल्याचं बघून आणा. आणि रविवारी नको, दुकान बंद.